मारक पेशी आणि एचआयव्हीची लस
(बंगळूर येथील मराठी वाचकांसमोर दिलेले व्याख्यान)



आपण ज्या शहरात जमलो आहोत त्याच्या उत्तरेस, जक्कूर येथे, जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे. तेथील डॉ. उदयकुमार रंगा यांनी एचआयव्हीच्या ‘सी’ उपप्रकाराचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. भारतातील बहुतांश संसर्ग याच उपप्रकाराचा असतो. विषाणूच्या जनुकांना चालना देणाऱ्या भागात एका विशिष्ट प्रथिनाला चिकटण्यासाठी जागा असतात; ‘बी’ उपप्रकारात त्या साधारणतः दोन, तर ‘सी’मध्ये तीन. चार जागा असलेले विषाणूही भारतात पसरू लागल्याचे त्यांच्या प्रयोगशाळेने २०१२ साली प्रसिद्ध केले. हा भाग लशीचे लक्ष्य नव्हे हे खरे; परंतु शत्रू आपल्या देशातच रूप बदलत आहे, एवढे त्यावरून कळते.

या विषयाचा अनुवाद करताना मला सर्वाधिक त्रास ‘मारक पेशी’ या शब्दाने दिला. हस्तलिखित वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी विचारले, ‘या पेशी रुग्णाला मारतात काय?’ प्रश्न भाबडा वाटला तरी मर्मावर बोट ठेवणारा होता. या पेशी आपल्याच शरीरातील पेशींना मारतात. मात्र विषाणूने ग्रासलेल्यांनाच.

त्यांना हे कसे उमगते? प्रत्येक पेशी आपल्या अंतर्भागातील प्रथिनांचे तुकडे एचएलए नावाच्या रेणूंवर ठेवून पृष्ठभागावर मांडते. जणू घरात काय शिजते आहे याचा नमुना दारात ठेवावा. त्यात विषाणूचा तुकडा दिसला की सीडी-८ टी-पेशी त्या पेशीचा नाश करतात. प्रतिपिंडे मात्र मोकळ्या विषाणूला पेशीत शिरण्यापूर्वीच गाठतात. म्हणून केवळ मारक पेशी जागवणाऱ्या लशीकडून संसर्ग टळण्याची नव्हे, तर तो आटोक्यात राहण्याची अपेक्षा धरणे अधिक वाजवी होते. ही अपेक्षा निराधार नव्हती. औषधांवाचून वर्षानुवर्षे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या मोजक्या व्यक्तींमध्ये एचएलए-बी५७ हा प्रकार वाजवीपेक्षा अधिक आढळतो. त्यांच्या टी-पेशी विषाणूच्या गाभ्याच्या कवचावर अशा ठिकाणी आघात करतात, की तेथे बदल करून निसटणाऱ्या विषाणूची स्वतःचीच वाढ मंदावते.

पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत २००५ साली भारतातील पहिली एचआयव्ही लस चाचणी सुरू झाली. निरुपद्रवी विषाणूच्या वाहनातून ‘सी’ उपप्रकाराची जनुके देण्यात आली. भारतातील ३० निरोगी स्वयंसेवकांनी तीत भाग घेतला. लस सुरक्षित ठरली; प्रतिसाद मात्र क्षीण होता. ज्या काळी या रोगाचे नाव घरात उच्चारणेही कठीण होते, त्या काळी घरच्यांना काय सांगून ही माणसे तेथे गेली असतील, हा विचार माझा पाठलाग सोडत नाही.

मोठा धक्का २००७ साली बसला. ‘स्टेप’ नावाच्या चाचणीत सुमारे ३००० स्वयंसेवक होते. लशीने टी-पेशी जागवल्या, तरी संसर्ग टळला नाही आणि झालेल्या संसर्गाची तीव्रताही घटली नाही. उलट लस घेतलेल्या काही पुरुषांत संसर्गाचे प्रमाण अधिक दिसले. २००९ साली थायलंडमधील १६,००० हून अधिक लोकांच्या चाचणीत सुमारे ३१ टक्के संरक्षण आढळले. तेथे श्रेय मुख्यतः प्रतिपिंडांकडे गेले. त्यानंतरच्या मोठ्या चाचण्या २०२० पासून २०२३ पर्यंत एकामागून एक थांबवाव्या लागल्या.

तेव्हा मारक पेशींचा मार्ग सोडून द्यावा काय? माझ्या मते नाही. अमेरिकेतील ओरेगनमध्ये डॉ. लुई पिकर यांनी माकडांना सायटोमेगॅलो विषाणूच्या वाहनातून लस दिली. नंतर संसर्ग घडवला असता जवळजवळ निम्म्या माकडांनी तो आधी आटोक्यात आणला आणि काळाच्या ओघात त्यांच्या शरीरात विषाणूचा मागही उरला नाही. उरलेल्या निम्म्यांना मात्र ती लस जणू मिळालीच नव्हती. तिच्यामुळे जागणाऱ्या टी-पेशी एचएलएच्या नेहमीच्या नियमांनुसार वागत नाहीत, हे २०१३ साली कळले. माझ्या हस्तलिखितातील त्या प्रकरणावर मी तीनदा खाडाखोड केली आहे.