काँक्रीटखालची जमीन

 

2015 साली इंग्लंडमधल्या टारमॅक कंपनीची एक चित्रफीत जगभर फिरली. पार्किंगच्या जागेवर मिक्सरच्या ट्रकमधून पाणी ओततात आणि चार हजार लिटर पाणी मिनिटभरात दिसेनासं होतं. तुम्हालाही ती व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी पाठवली असेल आणि खाली विचारलं असेल, ‘आपल्याकडे हे का होत नाही?’ होतं, थोडंफार. पण ते पाणी पुढे जातं कुठे, हे त्या चित्रफितीत कुठेच दिसत नाही. मला आज त्याबद्दल बोलायचं आहे.

चित्रफितीतल्यासारख्या सच्छिद्र काँक्रीटमध्ये वाळू जवळजवळ नसतेच. 10 मिलिमीटरच्या आसपासची एकाच मापाची खडी, सिमेंट, आणि सिमेंटच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी. चुरमुऱ्याच्या लाडवात पाक जे काम करतो तेच इथे सिमेंट करतं : दाण्यांवर पातळ थर बसतो, दाणे एकमेकांना भिडतात तिथे चिकटतात, बाकी पोकळीच. पाक सैल झाला तर सगळा तळाशी उतरतो, आणि खाली बंद झालेल्या काँक्रीटवर वरची छिद्रं कितीही सुरेख दिसली तरी उपयोग नाही.

ही पोकळी 15 ते 25 टक्के असते. चांगल्या कामातून चौरस मीटरला दर मिनिटाला 120 लिटर पाणी सहज उतरतं. म्हणजे मिनिटाला 120 मिलिमीटर पाऊस! 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. तो सगळा या काँक्रीटने आठ मिनिटांत खाली सोडला असता. हा आकडा सादरीकरणात दाखवला की टाळ्या पडतात. पण त्या काँक्रीटखाली काळी माती असेल, तर ती भिजून फुगल्यावर तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी पिते. भराव घातलेल्या मुंबईत, भरतीच्या वेळी, भूजल आधीच वर आलेलं असताना, तेवढंही नाही. कोकणातल्या जांभ्यावर गोष्ट वेगळी. तिथे हे काम खरोखर शोभतं.

म्हणून मी याला रस्ता म्हणतच नाही. ही झाकण असलेली टाकी आहे. हिशोब करून पाहा. 150 मिलिमीटर काँक्रीट, पोकळी 20 टक्के, म्हणजे 30 मिलिमीटर पाणी. त्याखाली 200 मिलिमीटर धुतलेल्या खडीचा थर, पोकळी 40 टक्के, म्हणजे आणखी 80. एकूण 110 मिलिमीटर पावसाची सोय झाली. हे सपाट जागेवर. शंभराला एक उतार आणि तीस मीटर लांबी असली, की पाणी खालच्या टोकाला गोळा होऊन तिथूनच बाहेर येतं. वरच्या अंगाची जवळजवळ एक तृतीयांश जागा कोरडीच राहते. आडवे बांध घाला किंवा पायऱ्या पाडा, आणि काळ्या मातीत तळाला छिद्रांचा पाइप टाकून पाणी पावसाळी गटारात सोडा. पाणी गटारातच जाणार असेल तर खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. पाणी उशिरा जातं म्हणून! पाऊस ऐन भरात असताना गटाराला तासाभराची उसंत मिळाली, तरी खालच्या वस्तीत पाणी शिरत नाही.

कारागिरीबद्दलही बोललं पाहिजे. आपल्या गवंड्याचा सगळा अभिमान घोटाईत असतो. इथे त्याच्या हातातून थापी काढून घ्यावी लागते, कारण एक हात फिरवला की वरची छिद्रं बुजलीच. रोलर फिरवायचा आणि वीस मिनिटांच्या आत प्लास्टिक अंथरून सात दिवस हलवायचं नाही. बारदान टाकून पाणी मारायची सवय इथे चालत नाही. आणि ताकद साधारण 17 मेगापास्कल धरा, म्हणजे एम-40 प्रतीच्या काँक्रीट रस्त्याच्या निम्म्याहूनही कमी. फूटपाथ, पार्किंग, सोसायटीतल्या वाटा इथवरच ठीक. डंपरच्या रस्त्यावर कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

एका जागेवरचं काम मला आठवतं. फरसबंदी उत्तम झाली होती. पुढच्या आठवड्यात कंपाउंडच्या भिंतीचा कंत्राटदार आला आणि त्याच्या माणसांनी त्याच फरसबंदीवर मसाला कालवला. शेजारी बागेसाठी लाल मातीचा ढीग पडला. पहिल्याच पावसात तिथे तळं साचलं आणि दोष काँक्रीटच्या माथी आला.

हे टाळायला एक साधी चाचणी आहे, एएसटीएम सी 1701. 300 मिलिमीटर व्यासाची कडी पुट्टीने जमिनीला चिकटवायची आणि आधी 3.6 लिटर पाणी ओतून जागा भिजवायची. ते अर्ध्या मिनिटात उतरलं, तर पुढे 18 लिटर घ्यायचं. कडीत पाण्याची पातळी 10 ते 15 मिलिमीटर राखत ओतत राहायचं आणि घड्याळ बघायचं. बादली, कडी, घड्याळ. एवढ्यावर काम होतं. शेवटचं बिल पास करण्याआधी ही चाचणी घ्या, पाणी उतरण्याच्या वेगाचा आकडा मेजरमेंट बुकात लिहा आणि मग दर मे महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर, पुन्हा घ्या. आकडा घसरू लागला की धूळ ओढणारं यंत्र आणि दाबाचं पाणी लागतं. झाडू मारून धूळ छिद्रांतच ढकलली जाते.

ही सफाई कोण करणार आणि पैसे कुठल्या खात्यातून येणार, हे ज्या टेंडरमध्ये लिहिलेलं नाही, त्यावर आपल्यापैकी कुणी सही करू नये. तिथे साधे पेव्हर ब्लॉक बसवावेत आणि उरलेल्या पैशांत गटारं साफ करून घ्यावीत.