दम लागतो म्हणून बसून राहू नका

(करमाळा येथे फुप्फुसाच्या जुन्या आजारांविषयी झालेल्या बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)

 

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गोळ्या-औषधं देणं माझं काम नाही. लोकांना उठवायचं आणि चालवायचं, एवढंच मी करते. पण हे काम शिकायच्या आधी मी नेमकं उलटं केलं होतं, आणि आजचा विषय तिथूनच सुरू होतो.

माझ्या अम्मीला दम लागायचा. तिनं आयुष्यात कधी बिडी ओढली नाही. पण लग्न झाल्यापासून पंधरा-वीस माणसांच्या भाकरी चुलीवर केल्या, आणि चुलीत काय असायचं? पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या. पन्नाशीनंतर खोकला सुरू झाला, मग धाप. आम्ही मुलांनी ठरवलं, आता अम्मीनं काही करायचं नाही. भांडी नाही, झाडू नाही. बाज मोरीजवळ आणली, पाणी हातात, जेवण हातात. शेजारपाजारचे म्हणायचे, पोरं किती सेवा करतात! दोन वर्षांत अम्मी मोरीपर्यंतही चालू शकेना. आम्हाला वाटलं, आजार वाढला. आजार थोडा वाढला असेलही. पण तिचे पाय गेले होते, आणि ते आम्ही घालवले होते. शेवटच्या दीड वर्षात तिनं आमच्या गल्लीचं टोक पाहिलं नाही.

हे मी रडवायला सांगत नाही. आज इथं बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी अशी एक बाज आहे, म्हणून सांगते.

आपल्याकडे दम लागला की सगळ्याला ‘दमा’च म्हणतात. खरा दमा वेगळा. तो येतो-जातो, अनेकदा लहानपणापासून असतो. दुसरा आजार म्हणजे सीओपीडी. त्यात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या फाटतात, आणि हे नुकसान भरून येत नाही. तिसरा गट टीबी होऊन गेलेल्यांचा. औषधाचा कोर्स पूर्ण झाला, जंतू गेले, कार्डावर ‘बरा झाला’ लिहिलं, पण फुप्फुसावर वण राहिले आणि शेतात बांध चढताना छाती भरून येते. यांच्याकडे कुणी पुन्हा पाहत नाही. कोणता आजार आहे हे फुंकण्याच्या तपासणीवरून, म्हणजे स्पायरोमेट्रीवरून कळायला मदत होते. ती करून घ्या. ‘दमाच असेल’ म्हणून वर्षानुवर्षं मेडिकलमधून गोळ्या आणू नका.

भारतात २०१६ साली सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. आणि हे सगळे बिडी-सिगारेटवाले नाहीत. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं की जगात तंबाखू ओढणारे साधारण शंभर कोटी आहेत, पण लाकूड-शेणीच्या धुरात राहणारे तीनशे कोटी. म्हणजे चुलीसमोरची बाई हीसुद्धा या आजाराची मोठी रुग्ण आहे. पण डॉक्टर पुरुषाला विचारतात, ‘बिडी ओढता का?’ बाईला ‘चुलीवर किती वर्षं काढली?’ हे क्वचितच विचारलं जातं. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, गॅस घरोघरी पोचला, हे चांगलं झालं. तरी टाकी संपली की पाणी तापवायला चूल पेटतेच. ते बंद करता आलं तर करा. आणि बिडी ओढणाऱ्या भावांनो, बिडी सोडल्याशिवाय मी पुढं जे सांगणार आहे त्याचा अर्धाच फायदा होईल.

आता मुद्द्यावर येते. फुप्फुसांच्या जुन्या आजारात औषधाच्या जोडीला एक उपचार असतो, त्याला पल्मनरी रिहॅबिलिटेशन म्हणतात. नाव मोठं आहे. त्यात साधारण सहा ते आठ आठवडे, ठरवून, हळूहळू वाढवत व्यायाम करतात. श्वास कसा घ्यायचा, पंप कसा ओढायचा, काय खायचं हेही शिकवतात. पण गाभा व्यायामाचा.

एकेकाळी डॉक्टरही अशा रुग्णाला आरामच करायला सांगत. १९५० च्या दशकात अमेरिकेत अल्व्हन बराक यांनी या रुग्णांना चालवावं असं म्हटलं, तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही. पुढे डेन्व्हरला थॉमस पेटी यांनी त्याची पद्धत बसवली. आणि २०१५ साली कॉक्रेन या संस्थेनं ६५ चाचण्या, ३,८२२ रुग्ण एकत्र करून पाहिले, तेव्हा दम कमी लागणं, थकवा कमी होणं, रोजचं जगणं सुधारणं यांत फायदा इतका स्पष्ट होता की याच प्रश्नावर पुन्हा तशाच चाचण्या करत बसायची गरज नाही असं ठरलं. वैद्यकात असं फार कमी वेळा होतं.

गंमत अशी की रिहॅबनंतर फुंकण्याची तपासणी पुन्हा केली तर आकडा जवळपास तोच येतो. फुप्फुस तेच, तरी माणूस जास्त चालतो. हे कसं?

पायांमुळे. बसून राहिलेल्या माणसाच्या मांड्या आणि पोटऱ्या वाळतात. असा स्नायू मिळालेला प्राणवायू नीट वापरत नाही, थोड्याशा कामात आम्ल तयार करतो, आणि ते निस्तरायला शरीर जास्त श्वास मागतं. म्हणजे चार पावलं टाकली की कमजोर पाय कमजोर फुप्फुसाकडे जास्तीची मागणी करतात. दम लागतो, माणूस घाबरतो, बसतो. बसला की पाय आणखी वाळतात. अम्मीचं हेच झालं. फुप्फुस दुरुस्त करणं आपल्या हातात नाही, पाय मात्र आहेत.

दुसरी गोष्ट श्वास सोडण्याची. या आजारात हवा आत जाते, पण बाहेर पडायला वेळ लागतो. घाईत पुढचा श्वास घेतला की जुनी हवा आतच अडकते. छाती फुगलेली राहते, नवी हवा घ्यायला जागाच उरत नाही. रुग्ण म्हणतो, ‘श्वास आत जाईना.’ खरं तर जुना बाहेर गेलेला नसतो. म्हणून नाकानं दोन मोजत श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून, बशीतला चहा फुंकतो तसा हळू, चार मोजत सोडा. आणि जोर लावायच्या वेळी श्वास सोडायचा. बादली उचलताना सोडा, पायरी चढताना सोडा. फार दम लागला तर आडवं पडू नका. बसून पुढं झुका, कोपर मांडीवर टेकवा.

‘मॅडम, करमाळ्यात असं सेंटर कुठं आहे?’ हा प्रश्न येणारच. सोलापूर किंवा पुण्याला आठवड्यातून दोनदा जाणं कुणाला परवडणार? भाडं, दिवसाची मजुरी, सोबत एक माणूस. पण मेलबर्नमध्ये अ‍ॅन हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक अभ्यास छापला. रुग्णाच्या घरी एकदा भेट दिली, नंतर आठवड्याला एक फोन, एकूण आठ आठवडे. दवाखान्यात येणाऱ्यांइतकाच फायदा घरी करणाऱ्यांना झाला. जिम नाही, मशीन नाही. मात्र वर्षभरानं पाहिलं तेव्हा दोन्ही गटांत फायदा बराचसा ओसरला होता. सोडलं की जातं. हे गोळीसारखंच आहे, रोज घ्यावं लागतं.

घरी काय करायचं? सपाट जागी चाला. दोन मिनिटं जमली तर दोन मिनिटं, मग थांबा, मग परत दोन. थांबे धरून वीस मिनिटं होऊ द्या. हळूहळू थांबे कमी होतात. शून्य ते दहाच्या मापात दम तीन-चारपर्यंत लागला पाहिजे. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका. अजिबात दम न लागता चालणं म्हणजे व्यायाम झालाच नाही. दम लागणं म्हणजे इजा होणं नाही, हे घरच्यांनी आधी समजून घ्या, कारण पहिल्या धापेला ‘बस, बस’ म्हणणारे तेच असतात. त्याच्या जोडीला खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, आणि पाण्यानं भरलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्या घेऊन हात वर-खाली. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर चालण्याआधी पंप घ्या. गळीत हंगामात आसपास पाचट जळत असेल, त्या दिवशी त्या वेळी बाहेर जाऊ नका, घरातच चाला.

मात्र सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर परस्पर काही करू नका. बोटाला लावायच्या यंत्रात चालताना आकडा ८८ च्या खाली जात असेल तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा. अशा काहींना ऑक्सिजन लावून चालवावं लागतं.

आता थोडं आपल्या समाजाबद्दल बोलते. कुणाला राग आला तर येऊ द्या.

मला अनेकदा सांगितलं जातं, ‘पाच वक्तची नमाज पढतो, त्यातच सगळा व्यायाम होतो.’ नमाज इबादत आहे, तिला व्यायामाची पट्टी लावू नका. आणि तिच्यातल्या हालचालींनी मांडीच्या स्नायूला सलग वीस मिनिटांचं काम मिळत नाही. उलट रुकू-सजद्यात वाकताना दम कोंडतो, म्हणून काही वडीलधारी माणसं मशिदीत जायचीच थांबतात. खुर्चीवर नमाजची सवलत आहे, ती घ्यायला लाजू नका. आणि मशिदीपर्यंत चालत जा, मुलाच्या मोटारसायकलवरून नको.

इनहेलरनं रोजा तुटतो की नाही यावर उलेमांत मतभेद आहेत. मी त्यात पडत नाही. पण रमजानमध्ये पंप बंद करून अ‍ॅडमिट झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. बारा किंवा चोवीस तास टिकणारी औषधं मिळतात. रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटून सेहरी-इफ्तारच्या वेळा बसवून घ्या. आणि आजारी माणसाला रोजा नंतर पुरा करण्याची सवलत खुद्द कुरआनात, सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत दिली आहे. दम घुसमटत असताना पंप उशाला ठेवून बसून राहणं मला तरी समजत नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट बायकांची. पुरुषाला ‘चाल’ म्हटलं तर तो तहसीलपर्यंत जाऊन येतो. माझ्या एका पेशंट खालाला मी चालायला सांगितलं तर ती म्हणाली, ‘बेटा, काम नसताना बाई रस्त्यावर फिरली तर लोक काय म्हणतील?’ तिच्या तीस वर्षांच्या धुराला कुणी काही म्हटलं नव्हतं. शेवटी आम्ही तिच्या घराच्या गच्चीवर पावलं मोजली. एक फेरी बावीस पावलांची. पहिल्या दिवशी चार फेऱ्यांत बसली. आठव्या आठवड्यात चाळीस झाल्या, मध्ये दोन थांबे. नंतर एकदा सुनेला घेऊन ती देवीच्या माळावर जाऊन आली. तिथली ९६ पायऱ्यांची विहीर तिनं वरूनच पाहिली, उतरली नाही. ‘उतरणं सोपंय, चढणार कोण?’ असं मला फोनवर हसून म्हणाली. आजही तिला पंप लागतो, थंडीत खोकला होतो. पण मोरीपर्यंत स्वतः जाते, आणि आता बुरखा घालून, शेजारणीला सोबत घेऊन, सकाळी गल्लीतून चालते. सुरुवातीला गल्लीतल्या दोन-तिघांनी टोमणे मारले. मग त्यांच्याच घरची एक बाई बरोबर यायला लागली.

मी बोलणं थांबवते. बाहेर अंगणात चुन्यानं दोन खुणा केल्या आहेत, मध्ये तीस मीटर अंतर आहे. ज्यांना डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली आहे, त्यांनी आपला पंप घेऊन तिकडे या. सहा मिनिटांत आपण किती चालतो ते मोजू, थांबलात तरी चालेल. आकडा कागदावर लिहून देते. बायकांची रांग आधी लावू.