रात्रपाळीला माणसे किती?

(स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकासाठी देखभाल केंद्र कसे पारखावे, या विषयावर इंदूर येथे मराठी भाषक निवृत्त कामगार-कर्मचाऱ्यांच्या सभेत झालेले भाषण)



या व्यासपीठावरून मी पेन्शन, महागाई भत्ता, थकबाकी यांवर पुष्कळदा बोलले आहे. आजचा विषय घरातला आहे. तो सभेत मांडावा की नाही, याचा मलाही संकोच होता. पण गेल्या महिन्यात आपले तीन सभासद वेगवेगळ्या दिवशी कार्यालयात आले, त्यांनी दार लोटून घेतले आणि हळू आवाजात एकच प्रश्न विचारला, "ताई, तुमच्या दादांना कुठे ठेवले आहे?" तिघांनाही दार लोटावेसे वाटले, म्हणून हा प्रश्न मी सभेत आणला आहे.

मी डॉक्टर नाही. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून मी ३१ वर्षे नोकरी केली, त्यातली निम्मी पाळ्यांमध्ये गेली. माझे थोरले बंधू इथल्याच एका कापड मिलमध्ये विणाई खात्यात होते. मिल बंद पडली, थकबाकीसाठी वर्षानुवर्षे हेलपाटे झाले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. दादांनी ते सगळे सोसले. सहा वर्षांपूर्वी ते दुपारी अडीचला डबा मागू लागले. दुसऱ्या पाळीला उशीर होतोय म्हणून वहिनींवर रागावू लागले. मिल बंद पडून तेव्हा पंचवीस वर्षे उलटून गेली होती.

हा म्हातारपणाचा हट्ट नव्हे

आपण पहिली चूक इथे करतो. "वय झाले, विसरायचेच" म्हणून दोन-तीन वर्षे घालवतो. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे विसरणे दिसले की आधी डॉक्टरांकडे जावे. थायरॉईडचा दोष, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाचे नैराश्य यांमुळेही माणूस असा वागू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. ते नसेल तर मग स्मृतिभ्रंश. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा आजार अल्झायमरचा. जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी तो १९०६ साली प्रथम मांडला. तो पूर्ण बरा करणारे औषध आजही नाही.

आपण एकटे आहोत असेही समजू नका. २०१० च्या एका अहवालात भारतात ३७ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज होता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठी ओलांडलेल्या दर शंभरांमागे सातांहून अधिक, म्हणजे सुमारे ८८ लाख, असा अंदाज आला. या सभागृहात दीडशे माणसे बसली आहेत. हिशेब तुम्हीच करा.

घरात कोण राबते?

दादांना आम्ही चार वर्षे घरी सांभाळले. "आम्ही" म्हणते, पण खरे म्हणजे वहिनींनी सांभाळले. त्यांचे वय बहात्तर. दादा रात्री तीन-तीनदा उठत, कडी काढून रस्त्यावर जात. वहिनी दाराला पाठ लावून झोपत. एका रात्री दादांनी त्यांना ओळखले नाही, ढकलले, आणि त्यांचे मनगट मोडले. कारखान्यात कुणी चार वर्षे साप्ताहिक सुट्टीशिवाय दिवसरात्र काम केले असते तर आपण गेटवर सभा घेतली असती. घरातल्या बाईसाठी ती कोण घेतो?

तेव्हा केंद्राचा विचार करणे म्हणजे टाकून देणे नव्हे. टाकून देणे हा २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे गुन्हाच आहे. चांगली जागा शोधून माणूस तिथे ठेवणे, आठवड्याला जाऊन पाहणे, खर्च भरणे हेही सांभाळणेच आहे. शेजारी काय म्हणतील ते म्हणू द्यात. त्यांच्यापैकी कुणी रात्री दाराशी झोपायला आले नव्हते.

माझी चूक

आता मी कशी फसले ते सांगते. आम्ही पहिले केंद्र पाहायला गेलो ते वेळ ठरवून, सकाळी अकरा वाजता. बाग होती, फरशी चकचकीत होती, दूरदर्शन संच मोठा होता, व्यवस्थापक गोड बोलत होते. पुतण्या म्हणाला, "आत्या, हॉटेलसारखे आहे." आम्ही अनामत भरली आणि दादांना ठेवून आलो.

पाच आठवड्यांत दादांचे वजन उतरले. जाऊ तेव्हा गुंगीत असत. एकदा मला त्यांच्या मनगटावर वळ दिसला. विचारले तर म्हणाले, "पलंगाला लागले असेल." मग मी न कळवता रात्री आठ वाजता गेले. चोवीस रुग्ण होते आणि त्यांच्यामागे एक मुलगा. तो ठेकेदारामार्फत आलेला, सकाळपासून कामावर होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत त्यालाच थांबायचे होते. त्याने दोघांना चादरीने खुर्चीला बांधले होते, कारण तो तिसऱ्याला संडासात नेत होता. मी ओरडणार होते. तो रडायला लागला. म्हणाला, "मैं क्या करूँ, माताजी?"

मी त्याच्यावर काय ओरडणार? आमच्या एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला बोर्ड किती आणि मुली किती, यावरून मी अधिकाऱ्यांशी भांडले होते. तीस वर्षे हजेरीपट तपासले. आणि स्वतःच्या भावाला जिथे ठेवले तिथे तोच प्रश्न विचारला नाही. मी फरशी पाहिली, माणसे मोजली नाहीत.

माझे आजचे म्हणणे एवढेच आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची देखभाल यंत्र करत नाही, बाग करत नाही. ती माणसाचे हात करतात. ते हात किती आहेत, किती थकलेले आहेत आणि किती दिवस टिकतात, यावर सारे ठरते. कामाची जागा पारखायला आपण आयुष्यभर शिकलो आहोत. तीच नजर इथे वापरा.

काय विचारावे, काय पाहावे

दोनदा जा. पहिल्यांदा कळवून, दुसऱ्यांदा न कळवता, संध्याकाळी पाच ते आठच्या दरम्यान. या आजारात दिवस मावळताना अस्वस्थता वाढते. रुग्ण फेऱ्या मारतात, घरी जायचे म्हणतात, रडतात. केंद्राची परीक्षा त्या वेळी होते. सकाळी अकराला सगळीच केंद्रे चांगली असतात.

व्यवस्थापकांना विचारा : रात्रपाळीला माणसे किती? पाळी आठ तासांची, बाराची की चोवीसची? कुणी गैरहजर राहिले तर बदली कोण? कामाला ठेवताना काय शिकवता? मग स्वयंपाकघराकडे जा आणि तिथल्या मावशींना विचारा, "किती वर्षे आहात इथे? सुट्टी मिळते का?" जिथे दर दोन महिन्यांनी माणसे बदलतात, तिथे तुमच्या वडिलांना दूध गरम लागते की कोमट, हे कुणालाच कळत नाही. या आजारात रुग्ण स्वतः ते सांगू शकत नाही.

जेवणाच्या वेळी थांबा. पुढच्या टप्प्यात रुग्णाला गिळायला त्रास होतो. घाईने भरवले तर घास श्वासनलिकेत जातो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. भरवणारी बाई शेजारी बसून भरवते की उभी राहून चौघांच्या तोंडात चमचे घालत जाते, ते पाहा. वजन महिन्याला नोंदवतात का, ते विचारा. नखे पाहा. अंथरुणाला खिळलेल्याच्या टाचा आणि कंबर पाहा. त्याला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. ते होत नसेल तर तिथे जखमा दिसतात. नाकाने वास घ्या. लघवीचा वास एखाद्या वेळी कुठेही येईल, पण संध्याकाळीही तोच, दुसऱ्या भेटीतही तोच, तर हात कमी आहेत असे समजा.

सगळे रुग्ण दिवसाढवळ्या पेंगत असतील तर औषधांची वही मागा. कोणते औषध, कुणी लिहून दिले, कधीपासून? आरडाओरडा शमवण्यासाठी दिली जाणारी काही मानसोपचाराची औषधे स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढवतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ सालीच दिला होता. डॉक्टरांनी विचारपूर्वक दिली तर गोष्ट वेगळी. माणसांची कमतरता गोळीने भरून काढणे वेगळे. आणि रुग्ण अचानक फार बिघडला तर आजार वाढला असे म्हणून सोडू नका. लघवीचा साधा संसर्गही असे करतो.

बांधून ठेवण्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीचा गंभीर विकारही येतो. त्या कायद्याखालील संस्थेला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. तेव्हा पहिल्याच भेटीत नोंदणीचा कागद मागा. तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसेल आणि मानसोपचारतज्ज्ञांची परवानगी असेल, तरच रुग्णाला बांधता येते. प्रत्येक वेळी चोवीस तासांत रुग्णाच्या नियुक्त प्रतिनिधीला कळवावे लागते. आणि कर्मचारी कमी आहेत एवढ्याच कारणासाठी बांधता येत नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. हे वाक्य वाचले तेव्हा मला वाटले, लिहिणाऱ्याने आपल्यासारखीच एखादी रात्रपाळी पाहिली असावी.

भाषा आणि पाळी

आपण महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसे. दादा मिलमध्ये पन्नास माणसांशी हिंदीत, माळवीत बोलत. आता त्यांची हिंदी बरीचशी गेली आहे. नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी जाते आणि आईची भाषा उरते. पहिल्या केंद्रात ते "तहान लागली" म्हणत आणि ते कुणाला कळत नसे. म्हणून एक कागद करून द्या : पाणी, दुखते, संडास, भूक, थंडी हे शब्द मराठीत आणि समोर तिथल्या भाषेत. हैदराबादला असाल तर तेलुगूत लिहा, बडोद्याला असाल तर गुजरातीत.

त्याच कागदावर माणसाचे आयुष्य चार ओळींत लिहा. काय काम केले, कोणत्या वेळी उठत, कोणते भजन आवडते, कशाची भीती वाटते. शरीर पाळी विसरत नाही. आता दादा जिथे आहेत ते केंद्र लहान आहे, भिंतींचा रंग उडाला आहे, बाग नाही. पण अठरा रुग्णांना रात्री तीन माणसे आहेत. तिथे खंडव्याकडच्या एक मावशी सहा वर्षे टिकून आहेत. पावणेतीनला त्या दादांच्या हाती रिकामा डबा देतात, आवारात दोन फेऱ्या मारवतात आणि एका वहीत त्यांची सही घेतात. हजेरी लागली की दादा शांत बसतात. यासाठी एक पैसा जास्त लागत नाही. मात्र मावशींना तेवढी फुरसत असावी लागते, आणि फुरसत तिघांच्या पाळीत मिळते, एकाच्या पाळीत नाही.

पैशाचे

लपवण्यासारखे काही नाही. महिन्याला बावीस हजार लागतात. पुतण्या, मी आणि वहिनी मिळून भरतो. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ साली १००० रुपये ठरली, त्यात काय होणार, हे सांगायला नको. म्हणून करार लेखी घ्या. लंगोट, औषधे, रुग्णालयात हलवण्याचा खर्च महिन्याच्या रकमेत आहे की वेगळा? काढून नेले तर अनामत किती दिवसांत परत? पैशाचे जमत नसेल तर सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थांची चौकशी करा. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांसाठीच्या निवासांनाही केंद्र सरकारच्या योजनेत अनुदान आहे. ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक १४५६७ सर्वांनी लिहून घ्यावा.

संघटनेने काय करावे

दोन सूचना करून थांबते. पहिली : आपल्या सभासदांचे जे नातेवाईक अशा केंद्रांत आहेत, त्यांना दोघादोघांनी महिन्यातून एकदा, न कळवता, संध्याकाळी भेटावे. बाहेरचे डोळे येतात हे कळले की केंद्रही सावध राहते. दुसरी : त्या मावशी आणि तो रडणारा मुलगा हे आपलेच आहेत. त्यांना किमान वेतन, आठ तासांची पाळी, साप्ताहिक सुट्टी मिळते की नाही, हा प्रश्न आपल्या आईवडिलांच्या पाठीवरच्या जखमांचाही आहे. त्यांच्या संघटनेचे काम कार्यकारिणीने विषयपत्रिकेवर घ्यावे.

ज्यांना आज मोठ्याने बोलता येणार नाही त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावे. पाहायला जाताना सोबत हवी असेल तर मी येईन. संध्याकाळी जाऊ.