घरघर कुठून येते?

श्रोतेहो, कवितेच्या माणसानं इलेक्ट्रिक गिटारवर काय बोलावं, असं तुम्हांला वाटेल. पण माझा भाचा ती वाजवतो. “मामू, घरघर जात नाही,” ही त्याची तक्रार ऐकता ऐकता मीही थोडंफार शिकलो.

अँप्लिफायर बंद ठेवूनही खरखर ऐकू येत असेल, तर तार पट्टीवर घासते आहे. हवामान बदललं की गिटारची लाकडी मान किंचित वाकते, तेव्हा असं होतं. ते काम दुरुस्ती करणाऱ्याचं. अँप्लिफायर लावल्यावर येते ती घरघर मात्र विजेची. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. गिटारमधला पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. तो तारांचं कंपन टिपतो, तशी ट्यूबलाइटच्या चोकची कुरकुरही इमानदारीनं टिपतो. गिटार घेऊन जागच्या जागी वळून पाहा. घरघर कमीजास्त झाली, तर चोर खोलीतच आहे. यावर उपाय म्हणून सेथ लव्हर यांनी १९५५ साली गिब्सन कंपनीसाठी दोन वेटोळ्यांच्या पिकअपच्या पेटंटचा अर्ज केला. वेटोळी अशी उलटसुलट जोडलेली की बाहेरची घरघर एकमेकांत विरते आणि सूर तेवढा उरतो. मला ही कल्पना फार आवडते.

गिटारचा आवाज शून्यावर आणा. घरघर थांबली तर दोष गिटारकडचा. चालूच राहिली तर केबल, अँप्लिफायर किंवा घरची वीज. आधी केबल बदलून पाहा. बहुतेक वेळा गुन्हेगार तीच असते, आणि सर्वांत स्वस्तही.

अँप्लिफायर घेताना मुलं वॅट विचारतात. शंभर वॅटचा आवाज दहा वॅटच्या दहापट नव्हे, जेमतेम दुप्पट वाटतो. घरासाठी दहा-पंधरा वॅट पुष्कळ. दुकानात आपलीच गिटार, आपलीच केबल न्या. आवाज वाढवा आणि काही वाजवू नका. मग अगदी हळू वाजवा. हळू आवाजात जो गोड वाटतो, तोच घ्यावा. नाहीतरी चाळीत, फ्लॅटात मोठ्यानं वाजवायला कोण देणार?

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला, ते सांगतो. घरघर थांबावी म्हणून काही जण प्लगची तिसरी पिन, म्हणजे अर्थिंगची जाड पिन, काढून टाकतात. कधी कधी घरघर खरंच थांबते, आणि हाच धोका आहे. गिटारच्या तारा अँप्लिफायरच्या धातूच्या पेटीशी जोडलेल्या असतात. आत बिघाड झाला की तीच वीज बोटांत उतरते. दुसरा हात मायक्रोफोनला लागला, तर ती छातीतून जाते. ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली स्वानसी इथं मंचावरच गेला. अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला त्याचा हात लागला होता. आपल्याकडच्या मांडवांतल्या, गॅदरिंगच्या मंचांवरच्या उघड्या वायरी पाहिल्या की मला तो आठवतो.

दोन यंत्रं वेगवेगळ्या सॉकेटांवर असल्यानं घरघर होत असेल, तर दोन्ही एकाच बोर्डावर लावा. तारांना हात लावताच झिणझिण्या आल्या, तर ताबडतोब बटण बंद करा. घरात अर्थिंगच नसेल, तर आधी वायरमनला बोलवा. अँप्लिफायर पुढच्या महिन्यात घेता येईल.