वृद्धांचा स्मृतिभ्रंश आणि घरातील औषधे

(महाबळेश्वर येथे ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



गव्हर्नर माल्कम यांच्या काळी, १८२९ च्या सुमारास, आरोग्यस्थान म्हणून वसविलेल्या या गावी वडीलधाऱ्यांना हवापालटासाठी आणण्याची आपली रीत आजही टिकून आहे. परंतु ज्यांची स्मृती ओसरू लागली आहे, त्यांना नवी खोली, नवे दार, खिडकीबाहेरचे धुके हे सारे परके वाटते. ते रात्री उठून बसतात, 'घरी चला' म्हणून हट्ट धरतात, पोटच्या मुलासही ओळखीत नाहीत. मग सकाळी सर्वांची मागणी एकच असते : शांत करणारी एखादी गोळी द्या. त्या गोळीविषयी व तिच्या भावंडांविषयी मला बोलावयाचे आहे.

'साठी बुद्धी नाठी' असे म्हणून आपण या विकाराकडे काणाडोळा करीत आलो. वस्तुतः तो मेंदूचा रोग आहे. त्याच्या मुख्य प्रकाराचे वर्णन जर्मन डॉक्टर आलॉइस आल्झायमर यांनी १९०६ साली केले. भारतात साठीपुढील शंभरांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज आहे. आल्झायमरच्या रोगात स्मरणास लागणारे ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य मेंदूत कमी पडते. डोनेपेझिल हे औषध ते टिकवून धरते. रोग हटत नाही, पण काहींना काही काळ आधार मिळतो.

आता धोतऱ्याकडे वळू. वाटसरूला धोतऱ्याचे बी चारून लुबाडीत, हे आपण जुन्या माणसांकडून ऐकले आहे. धोतऱ्याने माणूस बरळतो, हवेत चाचपडतो, त्याचा घसा सुकतो, लघवी तुंबते. कारण त्यातील विष याच ॲसिटिलकोलीनची वाट अडविते. हाच गुण, अर्थात पुष्कळ सौम्य प्रमाणात, सर्दीच्या क्लोरफेनिरामीनमध्ये, पोटातील कळेवरच्या डायसायक्लोमीनमध्ये आणि ॲमिट्रिप्टिलीनमध्ये असतो. तरुणास त्याने थोडी गुंगी येते. वृद्धाचे मूत्रपिंड मंदावलेले, त्यामुळे पुष्कळशी औषधे अंगात रेंगाळतात. आणि मेंदूतील ठेव तर आधीच सरत आलेली. येथल्या पावसाळी हवेत सर्दीची गोळी कोणी फारशी मोजीत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आणखी एक गंमत पाहा. डोनेपेझिलने काहींना लघवी आवरत नाही. ते वयाचे लक्षण समजून ऑक्सिब्युटिनीन सुरू होते, आणि ते पुन्हा धोतऱ्याच्याच कुळातले! एक डॉक्टर दार उघडतो, दुसरा तेच लावतो, आणि पैसे आपण दोघांनाही देतो.

शांत करणाऱ्या गोळ्यांची गोष्ट मात्र गमतीची नाही. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, क्वेटियापीन ही मूळची उन्मादावरील औषधे. २००५ साली अमेरिकेच्या औषधखात्याने या वर्गातील नव्या औषधांचे सतरा प्रयोग तपासले. सुमारे दहा आठवड्यांच्या प्रयोगांत औषध घेणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांपैकी शेकडा ४.५ दगावले, तर नुसती पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकी २.६. २००८ साली जुन्या औषधांनाही तोच इशारा लावण्यात आला. झोपेच्या गोळ्यांनी रात्री तोल जातो व खुब्याचे हाड मोडते, ते वेगळेच. पुष्कळदा ही गोळी रोग्यासाठी नसून घरच्यांच्या झोपेसाठी असते, असे मी स्पष्ट म्हणेन. घरच्यांचे जागरण खोटे नसते; रात्री सेवेची पाळी ज्या सुनेवर येते तिला विचारा. पण आजोबा ओरडतात ते कदाचित बद्धकोष्ठाने, मूत्रमार्गाच्या दाहाने किंवा ठणकणाऱ्या दाताने. त्यांना ते सांगता येत नाही, एवढेच.

तेव्हा घरातील सर्व औषधे, काढे व चूर्णेसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावीत आणि प्रत्येक कशासाठी चालू आहे ते विचारावे. आपल्या मनाने मात्र एकदम काही बंद करू नये. झोपेच्या काही गोळ्या एकाएकी तोडल्यास झटके येतात, त्या पायरीपायरीनेच उतरवाव्या लागतात. रोग्यापासून त्याच्या स्वतःच्या अथवा दुसऱ्याच्या जिवास धोका असेल, तर शांत करणारे औषध टाळता येत नाही. अशा वेळी ते अल्पतम मात्रेत घ्यावे, आणि ते पुन्हा तपासून कमी करण्याची तारीख पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.