आत्मपरीक्षण आणि महर्षी कर्वे

आत्मपरीक्षण, म्हणजे केलेल्या कामाचा आणि स्वतःच्या कुवतीचा परखड हिशेब, आयुष्याला नवी दिशा कशी देते, हे रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडचे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रात ठळकपणे दिसते. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. तरीही न डगमगता, केवळ पुनर्विवाहाच्या प्रचाराने फार थोड्या विधवांचे जीवन बदलेल हे ओळखून, त्यांनी शिक्षणाकडे मोर्चा वळवला व १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे जपानमधील महिला विद्यापीठाची, आधी बाजूला ठेवलेली माहितीपुस्तिका त्यांनी लक्षपूर्वक वाचली आणि १९१६ मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी, महिला विद्यापीठ स्थापन केले. त्याआधीच्याच वर्षी ‘आत्मवृत्त’ प्रसिद्ध करून त्यांनी आपल्या वाटचालीचा प्रांजळ आढावा घेतला होता.