मेंदूच्या धमन्यांतील थर आणि पक्षाघाताचा धोका



पक्षाघाताला खेड्यापाड्यांत 'अंगावरून वारे जाणे' असे म्हणतात. रात्री धडधाकट निजलेला माणूस सकाळी अर्ध्या अंगाने लुळा होऊन उठतो, म्हणून हा शब्दप्रयोग रूढ झाला असावा. वस्तुतः येथे प्रश्न वाऱ्याचा नसून रक्ताचा असतो. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के. परंतु प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. बहुतेक पक्षाघातांत हा पुरवठा करणारी धमनी तुंबलेली असते.

युरोपीय लोकांत असा अडथळा बहुधा मानेतील धमनीत आढळतो. भारतीयांत व अन्य आशियाई लोकांत कवटीच्या आतील धमन्यांचा आजार त्या मानाने अधिक. मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे धमनीच्या भिंतीत मेदाचा थर साचतो. त्यालाच प्लाक म्हणतात. शाकाहारी माणसाला हा आजार होत नाही, हा समज मात्र सोडून द्यावा लागेल. तूप, तळलेले फरसाण, मिठाई आणि लोणच्यातील मीठ हे सारे शाकाहारीच आहे!

समजा, सेलूच्या मोंढ्यातील एका आडत्याच्या हातातून हिशेब लिहिताना पेन गळून पडले, जीभ जड झाली आणि दहा मिनिटांत सारे पूर्ववत झाले. अशा वेळी माणूस चहा घेऊन पुन्हा गादीवर बसतो. खरे तर खऱ्या झटक्याचा धोका त्यानंतरच्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. अशा रुग्णाची अँजिओग्राफी केली आणि धमनी थोडीशीच अरुंद दिसली, तर निश्चिंत व्हावे काय?

येथेच जुन्या पद्धतीची मर्यादा आहे. मेंदूची अँजिओग्राफी पोर्तुगालचे एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये प्रथम केली. ती धमनीची पोकळी दाखविते, भिंत नव्हे. जायकवाडीच्या कालव्यातील पाण्याची रुंदी पाहून त्याचा काठ आतून किती पोखरला आहे, हे कळत नाही. तसेच हे आहे. थर पुष्कळदा बाहेरच्या बाजूस वाढतो आणि पोकळी बराच काळ शाबूत राहते.

नव्या एम.आर.आय. पद्धतीत वाहत्या रक्ताचा संकेत दाबून ते काळे दाखविले जाते, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरहून पातळ अशी भिंत उठून दिसते. नंतर शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य देतात. अमेरिकेत त्याच्या वापरास १९८८ मध्ये मान्यता मिळाली. ज्या थरात दाह चालू आहे, जेथे नव्या बारीक वाहिन्या फुटल्या आहेत, तेथे हे द्रव्य झिरपते आणि थर उजळतो. शांत थर सहसा तितका उजळत नाही. झटका कोणत्या थरामुळे आला आणि पुढे कोणापासून भय आहे, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. अर्थात उजळलेला प्रत्येक थर घात करीलच असे नाही. धमनीच्या दाहाच्या इतर आजारांतही भिंत उजळते, म्हणून चित्र वाचणारा तज्ज्ञ अनुभवी हवा. मूत्रपिंडे अशक्त असल्यास हे द्रव्य देण्यापूर्वी क्रिएटिनिन पाहणे आवश्यक आहे.

ही तपासणी सरसकट सर्वांनी करून घेण्याची नव्हे. गंगाखेडच्या वा पाथरीच्या कुटुंबाने पदरमोड करून मोठे शहर गाठायचे, ते निदान संदिग्ध असेल तेव्हाच. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसताच मात्र साधे सीटी स्कॅन असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते.

थर सापडला म्हणजे स्टेंट बसवावाच लागतो, असेही नाही. अमेरिकेतील साम्प्रिस या अभ्यासात ४५१ रुग्ण होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ३० दिवसांत झटका वा मृत्यू यांचे प्रमाण स्टेंट बसविलेल्यांत १४.७ टक्के, तर केवळ काटेकोर औषधोपचार घेणाऱ्यांत ५.८ टक्के आढळले. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलची गोळी आणि रक्तदाबावर नियंत्रण, हे त्या उपचारांतील मुख्य घटक होते.

याच कारणाने पर्युषणातील निर्जल उपवासाचा विषय येथे काढावा लागतो. अंगातील पाणी घटले की रक्तदाब उतरतो आणि अरुंद धमनीपलीकडे रक्त कमी पोहोचते. त्यात गोळ्याही बंद झालेल्या असतात. ज्यांना एकदा असा इशारा मिळाला आहे, त्यांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वी गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना भेटावे, आणि घरच्यांनीही सोबत जावे.